तीन चाळीसचा कोन

घड्याळात तीन वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. तासकाटा आणि मिनिटकाटा यांच्यात किती अंशांचा कोन आहे?

सातवीतल्या एका मुलीने या प्रश्नाचं उत्तर १५० अंश असं लिहिलं होतं. उत्तरसूचीत १३० होतं. तिने पुन्हा मोजलं, पुन्हा १५० आलं, आणि वहीच्या समासात तिने पेन्सिलीने लिहून ठेवलं: ‘उत्तर चुकीचं छापलंय.’ ती वही माझ्याकडे आली तेव्हा त्या एका ओळीने माझं लक्ष वेधलं. मूल घाईत चुकतं तेव्हा उत्तरसूची पाहून निमूटपणे खोडरबर घेतं. इथे तसं झालं नव्हतं. तिला आपल्या रीतीबद्दल खात्री होती, आणि तिच्या बाजूने पाहिलं तर ती खात्री वाजवी होती.

तिची रीत तिच्याच शब्दांत सांगते. “बाई, तासकाटा तीनवर. मिनिटकाटा आठवर. तीन ते आठ मध्ये पाच घरं. एका घराचे तीस अंश. तीस पंचे दीडशे.”

यातली प्रत्येक पायरी तिला नीट येत होती. पूर्ण फेरी ३६० अंशांची, तबकडीवर १२ घरं, म्हणून एक घर ३० अंशांचं. चाळिसाव्या मिनिटाला मोठा काटा आठवर येतो, हेही बरोबर. पाढा बरोबर. एकच वाक्य खोटं होतं आणि ते सर्वांत पहिलं होतं: तासकाटा तीनवर.

## मी आधी काय केलं

सूत्र दिलं. आज हे प्रकरण लिहायला घेताना मला सर्वांत जास्त त्याबद्दलच बोलायचं आहे, कारण वेळेच्या ओढीत आपण बहुतेक जण हेच करतो.

सूत्र असं: तासांच्या आकड्याला ३० ने गुणा, मिनिटांना साडेपाचने गुणा, मोठ्यातून लहान वजा करा, उत्तर १८० पेक्षा मोठं आलं तर ते ३६० मधून वजा करा. तीन चाळीससाठी ३ × ३० = ९०, ४० × ५.५ = २२०, वजाबाकी १३०. तिचा चेहरा उजळला. समासातली ओळ तिने स्वतःहून खोडली. मग मी सहा वेळा दिल्या, सहाही बरोबर आल्या. दहा वाजून दहा मिनिटांचा कोन तिने ११५ काढला, जिथे नुसती घरं मोजणारा १२० म्हणतो. माझं समाधान झालं आणि आम्ही पुढच्या धड्याकडे वळलो.

आठवड्याने त्याच सरावसंचातला हा प्रश्न आला: ‘दुपारी २:२५ पासून ४:०५ पर्यंत तासकाटा किती अंशांतून फिरेल? मिनिटकाटा किती अंशांतून फिरेल?’

तिने २:२५ ला सूत्र लावलं: ६० आणि १३७.५, फरक ७७.५. मग ४:०५ ला लावलं: १२० आणि २७.५, फरक ९२.५. शेवटी ९२.५ मधून ७७.५ वजा केले आणि तासकाट्यासमोर १५ अंश लिहिले. मिनिटकाट्यासमोर लिहिले २४० अंश, कारण तो पाचवरून निघून एकवर आला, म्हणजे आठ घरं.

दोन्ही उत्तरं चूक. मधला काळ १०० मिनिटांचा. तासकाटा एका तासात ३० अंश जातो, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश. शंभर मिनिटांत ५० अंश. मिनिटकाटा तासात ३६० अंश जातो, मिनिटाला ६. शंभर मिनिटांत ६०० अंश.

पंधरा हा आकडा बघून मी थांबले. दोन काट्यांमधलं अंतर आणि एका काट्याने कापलेलं अंतर यांत तिला फरकच दिसत नव्हता, आणि तो दिसावा यासाठी मी काही केलंही नव्हतं. साडेपाच हा आकडा कुठून आला हे तिने विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. मिनिटकाट्याचे ६ उणे तासकाट्याचा अर्धा, म्हणजे दर मिनिटाला मोठा काटा छोट्यापेक्षा साडेपाच अंश जास्त सरकतो. ही त्या सूत्राची सगळी गोष्ट. ती माहीत नसेल तर हातात उरते ती एक बंद पेटी: आकडे टाका, उत्तर घ्या. आणि ती पेटी एकाच प्रकारच्या प्रश्नाची.

## चित्र काढायला सांगितलं तेव्हा

मी सूत्र बाजूला ठेवलं आणि तिला एक वर्तुळ काढून तीन चाळीसची वेळ दाखवायला सांगितली. तिने बारा आकडे नीट मांडले, मोठा काटा आठकडे ओढला, छोटा काटा थेट तीनच्या आकड्यात घुसवला.

“हा काटा असाच असतो का तीन चाळीसला?”

“हो. तीनच वाजलेत ना अजून. चार वाजले की चारवर जाईल.”

म्हणजे तिच्या मनातला तासकाटा साठ मिनिटं एका जागी थांबतो आणि मग पुढच्या घरात उडी मारतो. ती त्याच्याकडे आकड्याचा दर्शक म्हणून पाहत होती, फिरणारी वस्तू म्हणून नाही. मोबाइलवर वेळ पाहणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे समजण्यासारखं आहे. पडद्यावर ३:४० दिसतं तेव्हा तीन खरोखरच तासभर हलत नाही, आणि मधली दोन टिंबं तासाला मिनिटांपासून वेगळं ठेवतात. तिने ते चित्र तबकडीवर आणलं: टिंबांच्या डावीकडचा आकडा छोट्या काट्याला, उजवीकडचा मोठ्या काट्याला, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

या गैरसमजाचा एक त्रास असा की तो कित्येकदा लपून राहतो. बरोबर तीन, बरोबर सहा, बरोबर नऊ अशा वेळा विचारल्या की घरं मोजणाऱ्याचं उत्तर अचूक येतं. मिनिटं वाढत जातात तशी चूक वाढते, आणि ती नेमकी मिनिटांच्या निम्मी असते. चाळीस मिनिटांना वीस अंश: १५० आणि १३० मधला फरक. मिनिटकाटा लहान कोनाच्या बाजूने पुढे असेल तर उत्तर तेवढं जास्त येतं. तासकाटा पुढे असेल तर कमी येतं: नऊ वीसला घरं मोजून १५० मिळतात आणि खरा कोन १६० असतो. त्यामुळे ‘वीस वजा करा’ असला जुजबी उपायही चालत नाही.

भिंतीवरचं घड्याळ खाली काढलं. मागचं वेळ लावायचं चाक तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, मोठ्या काट्याकडे बघायचंच नाही, फक्त छोट्याकडे बघत सावकाश फिरव. तिने फिरवलं. थोड्या वेळाने म्हणाली, “हा पण हलतोय.” ती रोज ते घड्याळ पाहत होती.

त्याचा वेग इतका मंद आहे की नजरेला तो थांबलेलाच वाटतो. मिनिटाला अर्धा अंश, म्हणजे ३० कला. अंशाच्या साठाव्या भागाला इंग्रजीत मिनिटच म्हणतात; मराठीत कला हा वेगळा शब्द आहे याचा इथे फार उपयोग होतो, नाहीतर ‘एका मिनिटात तीस मिनिटं’ असं विचित्र वाक्य तयार होतं आणि मूल गोंधळतं. अर्धा अंश किती, याची कल्पना यावी म्हणून मी तिला सांगितलं की आकाशातला पूर्ण चंद्र आपल्या डोळ्याशी साधारण तेवढाच कोन करतो. तेवढं सरकायला तासकाटा एक मिनिट घेतो. कसा दिसणार?

## साडेतीन हा शब्द

पुढचं वळण मी ठरवून घेतलं नव्हतं. मी सहज विचारलं, “साडेतीनला कुठे असेल हा?”

तिने लगेच तीन आणि चारच्या बरोबर मध्ये बोट ठेवलं.

मिनिटांचा हिशेब नाही, सूत्र नाही. “कसं ओळखलंस?” “साडेतीन म्हणजे तीन आणि अर्धा.” आणि ती स्वतःच गप्प झाली. कारण पाच मिनिटांपूर्वी हीच मुलगी म्हणाली होती की चार वाजेपर्यंत काटा तीनवरच असतो.

मग आम्ही त्याच वाटेने गेलो. सव्वातीन: सव्वातीन घरं, ३.२५ × ३० = ९७.५ अंश. पावणेचार: चाराला पाव कमी, ३.७५ × ३० = ११२.५. दीड वाजता ४५, अडीच वाजता ७५. मराठीत आपण वेळ सांगतो तेव्हा सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच या शब्दांनी तासकाट्याची जागाच सांगत असतो. बाराच्या आकड्यापासून तो किती घरं चालून आला, ते त्या शब्दात लिहिलेलं आहे. तीस ही संख्या ‘तीन तीस’ असं म्हणताना मिनिटकाट्याकडे जाते. ‘साडेतीन’ म्हणताना तासकाटा आधी बोलतो. हे माझ्या कानांवर आयुष्यभर पडत आलं आहे, पण शिकवण्याच्या कामी त्याचा असा उपयोग होईल हे त्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

सव्वातीनचा कोन तिने आधी कधीतरी शून्य लिहिला होता. तासकाटा तीनवर, मिनिटकाटाही तीनवर, म्हणजे एकावर एक. आता तिने छोटा काटा ९७.५ वर काढला, मोठा ९० वर, आणि मधले साडेसात अंश पेन्सिलीने भरून टाकले. साडेतीनला १०५ आणि १८०, फरक ७५. पावणेचारला ११२.५ आणि २७०, फरक १५७.५.

आणि मग तीन चाळीस. ती अडली, कारण तासाच्या दोन तृतीयांशाला सव्वा किंवा साडे यांसारखा शब्द नाही. माझ्या मते तिची मूळ चूक ज्या वेळेवर उघडी पडली ती वीस किंवा चाळीस मिनिटांचीच असणं स्वाभाविक होतं. पाव आणि अर्ध्याला भाषा हात देते, तिथून पुढे गणिताने चालावं लागतं. मी विचारलं, साठातले चाळीस म्हणजे किती भाग? तिने ‘तीनातले दोन’ म्हटलं, एका घराच्या ३० अंशांचे तीन भाग केले, दोन घेतले: २०. नव्वद आणि वीस, एकशे दहा. मोठा काटा ४० × ६ = २४०. फरक १३०.

तिने मग एक निरीक्षण केलं जे मला सुचलं नसतं. “तीनपासून मोजलं की दीडशे, चारपासून मोजलं की एकशेवीस. खरं उत्तर दोघांच्या मध्ये, पण एकशेवीसच्या जवळ.” बरोबर आहे: १५० पासून १२० कडे जाताना दोन तृतीयांश वाट संपली की १३०. हा अंदाज कागदाशिवाय करता येतो आणि चूक पकडायला तो फार कामाचा आहे.

## एका काट्याचं घड्याळ

एवढ्यावर मी थांबू शकले असते, पण मागच्या वेळी सहा बरोबर उत्तरांवर समाधान मानून मी फसले होते. तासकाटा हलतो हे तिला पटलं होतं. तो किती माहिती बाळगून आहे हे अजून कळलं नव्हतं. म्हणून आम्ही मिनिटकाटा काढूनच टाकला. पुठ्ठ्याची तबकडी, एकच काटा, आणि कोनमापक.

असं घड्याळ ही माझी कल्पना नाही. युरोपातली सुरुवातीची यांत्रिक घड्याळं एकाच काट्याची असत, फक्त तास दाखवणारी. ती दिवसाकाठी इतकी मागेपुढे होत की मिनिटं दाखवण्यात अर्थ नव्हता. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ तयार केल्यावर अचूकता एकदम वाढली आणि त्यानंतर मिनिटकाटा सर्रास दिसू लागला. त्याआधीच्या तबकड्यांवर दोन तासांमधल्या जागेचे चार भाग केलेले आढळतात. एकेक भाग साडेसात अंशांचा, म्हणजे पाव तासाचा. त्या काळी लोक एकाच काट्यावरून सव्वा, साडे, पावणे वाचत होते.

आमचा खेळ असा: मी काटा कुठेतरी ठेवायचा, तिने कोन मोजून वेळ सांगायची. अर्ध्या अंशाला एक मिनिट, म्हणून अंश दुप्पट केले की बारा वाजल्यापासूनची मिनिटं मिळतात. पहिल्यांदा काटा १५६ अंशांवर होता. दुप्पट ३१२ मिनिटं, म्हणजे पाच तास आणि बारा मिनिटं. पाच वाजून बारा. लगेच तिने न विचारता मिनिटकाट्याची जागाही सांगितली: १२ × ६ = ७२ अंश. मग मी पुठ्ठ्यावर तीन चाळीस लावलं. तिने १११ मोजले, ३:४२ सांगितलं, आणि मी ‘तीन चाळीस’ म्हटल्यावर कोनमापक पुन्हा ठेवून पाहिलं. एक अंश वाचायला चुकला की दोन मिनिटं हुकतात. जुन्या घड्याळांना दुसरा काटा का हवासा झाला असेल, ते इथे तिला हाताने कळलं.

मिनिटकाटा काढून टाकूनही वेळ हरवली नाही, ही गोष्ट तिला फार आवडली. मलाही आवडते. मोठा काटा नवीन काही सांगत नाही. छोट्याने बारीक अक्षरात लिहिलेलं तो मोठ्या अक्षरात लिहितो. घड्याळाच्या आतही असंच आहे. दोन्ही काटे दातेरी चाकांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि चाकांचे दात असे ठेवलेले असतात की मोठ्याच्या बारा फेऱ्या झाल्या की छोट्याची एक व्हावी. त्यांतला एक हलवून दुसरा जागच्या जागी ठेवता येत नाही.

म्हणून तिने पहिल्या दिवशी काढलेलं चित्र कोणत्याच वेळेचं नव्हतं. तासकाटा बरोबर ९० अंशांवर असेल तर बारा वाजल्यापासून १८० मिनिटं झाली, म्हणजे बरोबर तीन तास आणि वर काही नाही. मोठा काटा बारावरच हवा. छोटा तीनवर आणि मोठा आठवर, असं घड्याळ दिसलं तर ते बिघडलेलं आहे. मी तिला आणखी एक दिलं: छोटा २०० अंशांवर, मोठा बरोबर नऊवर. तिने दुप्पट केली, ४०० मिनिटं, सहा तास चाळीस मिनिटं, मोठा काटा २४० वर हवा होता, इथे २७० वर आहे. “हे घड्याळ खोटं बोलतंय.” पुढच्या वीस मिनिटांत तिने स्वतः अशी सात खोटी घड्याळं काढली आणि मला ओळखायला लावली. त्यातली दोन चुकून खरी निघाली.

## सहाशे अंश

फिरण्याचा प्रश्न आता परत घेतला. तासकाट्याचं उत्तर तिने तोंडी दिलं: शंभर मिनिटं, पन्नास अंश. पडताळाही केला. २:२५ ला तो ७२.५ वर असतो, ४:०५ ला १२२.५ वर, फरक ५०.

मिनिटकाट्यापाशी मात्र ती ठाम राहिली. “सहाशे कसे असतील? वर्तुळात तर तीनशेसाठच असतात.”

ही हरकत मनापासून घेतलेली होती आणि तिला ‘असतात’ एवढंच उत्तर देणं अन्यायाचं झालं असतं. तिने आजवर कोन पाहिला तो दोन किरणांमधला, कोनमापकाखाली मावणारा. तिथे १८० ला सरळकोन होतो, त्यापुढे प्रविशाल कोन येतो आणि ३६० ला सगळं संपतं. फिरणं ही वेगळी गोष्ट आहे. ते काटा कुठून कुठे पोचला यावर ठरत नाही, मध्ये किती चालला यावर ठरतं.

आम्ही पुठ्ठ्याच्या तबकडीच्या मधोमध एक रिकामं रीळ चिकटवलं आणि मिनिटकाट्याच्या टोकाला दोरा बांधला, असा की काटा फिरेल तसा तो रिळाला गुंडाळला जावा. २:२५ ला सुरुवात. तिने काटा फिरवला: ३:२५ ला तो पुन्हा पाचवर आला, आणि रिळावर एक पूर्ण वेढा पडलेला होता. काटा होता तिथेच, दोरा मात्र तसा नव्हता. आणखी चाळीस मिनिटं, आणखी २४० अंश. वेढा धरून ३६० + २४०, सहाशे. तिचे २४० चुकीचे नव्हते, अपुरे होते. पूर्ण फेरीने काटा मूळ जागी आला म्हणून तिने ती फेरी घडलीच नाही असं मानलं होतं.

दोऱ्यानंतर ती मोठ्या संख्यांना घाबरली नाही. एका दिवसात तासकाटा दोन फेऱ्या, ७२० अंश. मिनिटकाटा २४ फेऱ्या, ८,६४० अंश. सेकंदकाटा १,४४० फेऱ्या, आणि त्याचे ५,१८,४०० अंश तिने कागदावर गुणाकार करून काढले व त्याखाली दोनदा रेघ मारली.

## काय राहिलं, काय टिकलं

तीन आठवड्यांनी मी तिला न सांगता एक प्रश्न ठेवला: नऊ ते दहाच्या दरम्यान दोन्ही काटे एकमेकांवर कधी येतील? हा प्रकार आम्ही केला नव्हता, आणि सूत्राची पेटी इथे उलटी वापरावी लागते.

तिने लिहिलं: नऊ वाजता छोटा २७० वर, मोठा शून्यावर. मोठ्याला २७० अंशांची तूट भरून काढायची आहे. मिनिटाला तो सहा जातो पण छोटा अर्धा पळतो, म्हणून तूट साडेपाचनेच कमी होते. २७० भागिले ५.५ म्हणजे ४९ पूर्णांक १/११. नऊ वाजून ४९ मिनिटं आणि वर एक अकरांश मिनिट. साडेपाच हा आकडा तिने या वेळी स्वतः तयार केला होता. तो माझ्या जुन्या सूत्रातलाच आहे हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

अकरांश बघून ती अस्वस्थ झाली, तेव्हा मी तिला सगळ्या भेटी मोजायला लावल्या. बारा तासांत काटे बारा वेळा भेटतील असा तिचा अंदाज होता. प्रत्यक्षात ११ वेळा भेटतात, कारण अकराच्या तासातली भेट लांबत लांबत बरोबर बारावर जाते. दोन भेटींमध्ये म्हणून १२ तासांचा अकरावा भाग, म्हणजे १ तास ५ मिनिटं आणि २७ सेकंदांहून किंचित जास्त जातो. त्यातूनच तो अकरांश येतो.

एक चूक अजून जाते-येते. कोन २३० आला की ती कधी कधी तसाच लिहून टाकते; लहान कोन विचारला असेल तर ३६० मधून वजा करून १३० लिहायचं विसरते. मला त्याची फारशी चिंता नाही. तिच्या चित्रात दोन्ही कोन असतात, विचारलेला कोणता तेवढंच वाचायचं राहून जातं.

शेवटच्या दिवशी मी तिला लंडनमधल्या ग्रीनिचच्या वेधशाळेच्या फाटकापाशी असलेल्या शेफर्ड घड्याळाबद्दल सांगितलं. ते १८५२ मध्ये बसवलं गेलं आणि त्याची तबकडी चोवीस तासांची आहे. तासकाटा दिवसातून एकदाच फिरतो. दुपारी बारा वाजता तो सरळ खाली असतो. मिनिटकाटा मात्र नेहमीसारखाच तासाला एक फेरी घेतो. मी तशी तबकडी काढून दिली, वर शून्य, खाली बारा, आणि विचारलं, “या घड्याळात तीन चाळीसला कोन किती?”

माझं पाठ करून घेतलेलं सूत्र इथे लागू पडलं नसतं. तिने ते आठवूनही पाहिलं नाही. चोवीस घरं, एका घराचे १५ अंश, मिनिटाला पाव अंश, असं तिने कडेला मांडलं, छोटा काटा काढायला पेन्सिल टेकवली, आणि वर पाहिलं.

“बाई, पहाटेचे की दुपारचे?”

दोन्ही काढ, म्हटलं. पहाटेचे: छोटा ५५ वर, मोठा २४० वर, मधला कोन १७५, काटे जवळजवळ एका रेषेत, समोरासमोर. दुपारचे: पंधरा घरांचे २२५ आणि चाळीस मिनिटांचे १०, छोटा २३५ वर, मोठा त्याच २४० वर. दुसऱ्या चित्रात तिने दोन्ही काटे इतके जवळ काढले की मधे ‘५’ लिहायला जागा उरली नाही. तो तिने वर्तुळाबाहेर लिहिला आणि बाणाने आत दाखवला.